कायदा आधी की गुन्हा आधी? – प्राध्यापक राधाविनोद पाल यांच्या निमित्ताने

गेल्या वर्षी राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर एक प्रश्न लिहिला. ‘जे कृत्य घडले त्या वेळी गुन्हा नव्हते, त्याबद्दल नंतर कायदा करून शिक्षा देता येईल काय?’ पहिल्या दोन बाकांवरून तत्काळ ‘नाही’ असे उत्तर आले. मागच्या बाकांवरून नेहमीप्रमाणे काहीच आले नाही. मी मधल्या बाकावर बसते. मला ‘नाही’ म्हणावेसे वाटत होते, पण तोंडातून शब्द फुटेना. त्याचे कारण आमच्या गावच्या ओढ्यावर आहे आणि ते आधी सांगितल्याशिवाय पुढचा लेख वाचकांना नीट कळणार नाही.

आमच्या ओढ्यावर एक बंधारा आहे. सात-आठ जण त्यातून मोटर लावून पाणी उपसतात. तीन वर्षांपूर्वी उन्हाळा फार कडक गेला. मार्च महिन्यात अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सलग चार रात्री मोटर चालवून ऊस भिजवला. रात्री मोटर चालवू नये असा त्या वेळी काही ठराव नव्हता. एप्रिलमध्ये पाणी तळाला गेले तेव्हा मंडळी देवळात जमली. रात्रीच्या मोटरी बंद, असा ठराव झाला. आणि त्याच बैठकीत, मार्चमध्ये ज्यांनी रात्री मोटर चालवली त्यांना हजार-हजार रुपये दंडही ठोठावला गेला. अप्पांनी आणि आणखी दोघांनी दंड भरला. ज्यांची मोटर सर्वांत मोठी, त्यांचे नाव यादीत नव्हते. यादी त्यांच्याच ओसरीवर बसून लिहिली गेली होती. अप्पा घरी येऊन एवढेच म्हणाले, “आधी सांगितलं असतं तर लावली नसती मी मोटर.” परंतु दुसरी बाजूही लपवता येत नाही. बंधाऱ्याच्या खाली अर्धा एकर मिरची करणारी एक म्हातारी आहे. तिचे सगळे पीक त्या मार्चमध्येच उभ्या उभ्या वाळले. अप्पांना ते रोज दिसत होते.

तास संपल्यावर मी हे सगळे सरांना सांगितले. सर थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “तू राधाविनोद पाल वाच.” पुढच्या आठवड्यात त्यांनी एका जाड इंग्रजी निकालपत्राच्या काही भागांच्या छायाप्रती माझ्या हातात ठेवल्या. मी कायद्याची विद्यार्थिनी नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. तेव्हा शब्दकोश शेजारी ठेवून जे समजले ते साध्या भाषेत येथे मांडते. जाणकारांनी चूकभूल सांभाळून घ्यावी.

राधाविनोद पाल यांचे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. जपानमध्ये मात्र त्यांची स्मारके आहेत. त्यांचा जन्म २७ जानेवारी १८८६ रोजी बंगालमधील कुष्टिया भागातल्या सलीमपूर या खेड्यात झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. घरची परिस्थिती बेताचीच. वडिलांचा आधार लहानपणीच सुटला, आणि शिक्षण झाले ते आईच्या कष्टांवर, नातलगांच्या मदतीवर आणि शिष्यवृत्त्यांवर. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते शिकले ते कायदा नव्हे, तर गणित. १९०८ साली गणितात एम.ए. झाल्यावर अलाहाबादला अकाउंटंट जनरलच्या कचेरीत त्यांनी कारकुनी केली. पुढे १९११ पासून १९२० पर्यंत मैमनसिंगच्या आनंदमोहन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक होते. वर्गात गणित शिकवायचे आणि उरलेल्या वेळात कायद्याचा अभ्यास करायचा, असा त्यांचा क्रम. १९२० साली कायद्याच्या पदव्युत्तर परीक्षेत ते पहिले आले, तेव्हा त्यांचे वय चौतीस होते. आपल्यापैकी जे वयाच्या विसाव्या वर्षीच ‘आता उशीर झाला’ म्हणतात त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. (त्यात मीही आले.)

त्यानंतर कलकत्ता उच्च न्यायालयात वकिली, १९२४ साली प्राचीन हिंदू विधितत्त्वज्ञानावरील प्रबंधाबद्दल डॉक्टरेट, आणि १९२३ ते १९३६ अशी तेरा वर्षे कलकत्ता विद्यापीठाच्या लॉ कॉलेजात अध्यापन. वकिलीत त्यांचे नाव होते ते प्राप्तिकराच्या कायद्यासाठी. प्राप्तिकर आणि वेदकालीन धर्मविचार या दोन गोष्टी एका माणसाच्या डोक्यात सुखाने कशा नांदल्या असतील याचे मला नवल वाटते.

कलकत्ता विद्यापीठात ‘टागोर विधि व्याख्याने’ नावाची एक मानाची व्याख्यानमाला आहे. हे टागोर म्हणजे रवींद्रनाथ नव्हेत. प्रसन्नकुमार टागोर यांच्या देणगीतून ती चालू झाली. हा मान एकदा मिळाला तरी विद्वानाला धन्य वाटते. पाल यांना तो तीनदा मिळाला, १९२५, १९३० आणि १९३८ साली. पहिल्या दोन वेळचे विषय वारसाहक्क आणि हिंदू कायद्याचा इतिहास असे होते. तिसऱ्या वेळचा विषय होता ‘आंतरराष्ट्रीय संबंधांतील गुन्हे’. या मालेचा ग्रंथ बऱ्याच उशिरा, १९५५ साली, प्रसिद्ध झाला. मधल्या काळात जगात एक महायुद्ध होऊन गेले होते आणि ग्रंथकर्ता स्वतःच त्या गुन्ह्यांचा न्यायाधीश होऊन आला होता.

येथे थोडे थांबून ‘आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी कायदा’ म्हणजे काय ते पाहू. आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे राष्ट्राराष्ट्रांमधील कायदा. करार मोडला तर राष्ट्र जबाबदार, भरपाई द्यायची ती राष्ट्राने. माणूस त्यात कोठेच नसे. युद्ध कसे लढावे याचे नियम जुनेच आहेत. १८९९ आणि १९०७ सालच्या हेगच्या करारांत ते लिहिले गेले, आणि कैद्यांना मारणाऱ्या शिपायावर शत्रूने खटला भरावा हेही मान्य होते. परंतु मुळात युद्ध सुरू करणे हाच गुन्हा आहे काय? आणि असल्यास त्यासाठी पंतप्रधानाला, सेनापतीला, परराष्ट्रमंत्र्याला पिंजऱ्यात उभे करता येईल काय? पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहात जर्मन कैसरवर खटला चालवण्याचे कलम घातले गेले होते, पण तो हॉलंडमध्ये जाऊन राहिला आणि हॉलंडने त्याला ताब्यात दिले नाही. पुढे १९२८ साली पॅरिसमध्ये केलॉग-ब्रियाँ करार झाला. राष्ट्रीय धोरणाचे साधन म्हणून युद्धाचा आम्ही त्याग करतो, असे त्यात राष्ट्रांनी लिहून दिले. पण जो हा त्याग मोडील त्याला कोण पकडणार, कोणती शिक्षा देणार, याविषयी त्या करारात एक अक्षर नाही.

दुसरे महायुद्ध संपल्यावर ८ ऑगस्ट १९४५ रोजी लंडनमध्ये दोस्त राष्ट्रांनी एक सनद तयार केली. तिच्यात तीन प्रकारचे गुन्हे सांगितले : शांततेविरुद्धचे गुन्हे म्हणजे आक्रमक युद्ध योजणे व करणे, युद्धगुन्हे, आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे. याच सनदेवर जर्मन नेत्यांवरील न्यूरेंबर्गचा खटला उभा राहिला. हा नवा कायदा घडवण्यात मास्तर मंडळींचा वाटा केवढा मोठा होता हे वाचून मला आनंद झाला. ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ हा शब्दप्रयोग सनदेत यावा असे सुचवणारे हर्श लाउटरपाख्ट केंब्रिजमध्ये आंतरराष्ट्रीय कायदा शिकवीत. ‘वंशसंहार’ या अर्थाचा इंग्रजी शब्द १९४४ सालच्या आपल्या ग्रंथात घडवणारे राफाएल लेमकिन हे पोलंडमधून निर्वासित होऊन अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात शिकवायला आले होते. दोघेही ज्यू, दोघेही एकाच ल्वूव शहरी कायदा शिकलेले, आणि दोघांच्याही घरची बहुतेक माणसे नाझींनी मारलेली. त्यांच्या दृष्टीने कायदा आधी नव्हता म्हणून अपराधी सुटावेत, ही कल्पनाच असह्य होती.

पाल यांचे बसणे मात्र वेगळ्या जागी होते. १९४१ ते १९४३ या काळात त्यांनी कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून काम पाहिले, १९४४ ते १९४६ विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले, आणि त्यानंतर त्यांना टोकियोचे बोलावणे आले.

टोकियोचा खटला ३ मे १९४६ रोजी, जपानच्याच जुन्या युद्धमंत्रालयाच्या इमारतीत सुरू झाला. आरोपी अठ्ठावीस, न्यायाधीश अकरा. अमेरिका, ब्रिटन, सोव्हिएट रशिया, चीन, फ्रान्स, हॉलंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फिलिपाईन्स आणि हिंदुस्थान या देशांचे ते होते. पाल पोहोचले तेव्हा कामकाज सुरू झालेले होते. निकाल एकमुखाने द्यावा, वेगळी मते बाहेर काढू नयेत, असे इतर न्यायाधीशांचे आपसात ठरत होते. पाल यांनी त्या बंधनात राहण्यास नकार दिला. जपानने ज्यांच्यावर हल्ला केला त्या देशांचे न्यायाधीश तेथे होते. तटस्थ देशाचा एकही नव्हता, जपानचाही नव्हता. फिलिपाईन्सचे न्यायमूर्ती हारानिया तर जपान्यांच्या कैदेत बाटानच्या त्या जीवघेण्या पायपिटीतून वाचलेले होते. हिंदुस्थान त्या वेळी पारतंत्र्यात होता आणि खटला चालू असतानाच स्वतंत्र झाला. न्यायासनावर बसलेल्या हॉलंडचे सैन्य त्याच सुमारास इंडोनेशियात लढत होते, आणि फ्रान्सचे व्हिएतनाममध्ये.

खटला अडीच वर्षे चालला. दोन आरोपी मधेच वारले, एकाला वेड लागल्याचे ठरले. उरलेल्या पंचवीस जणांना नोव्हेंबर १९४८ मध्ये बहुमताने दोषी ठरवण्यात आले. सात जणांना फाशी, सोळांना जन्मठेप, दोघांना मुदतीची कैद. फाशीची अंमलबजावणी २३ डिसेंबर १९४८ रोजी झाली. पाल यांनी आपले स्वतंत्र निकालपत्र लिहिले. ते बाराशेहून अधिक पानांचे आहे आणि त्याचा निष्कर्ष एका ओळीत सांगता येतो : सर्व आरोपी सर्व आरोपांतून निर्दोष. न्यायालयात ते वाचून दाखवण्यात आले नाही. अमेरिकेचा ताबा संपल्यावर १९५२ साली जपानी वाचकांना ते कळू लागले आणि १९५३ साली कलकत्त्यास ते छापले गेले.

हे बाराशे पानी निकालपत्र वाचताना मला सारखा गणिताचा मास्तर दिसत होता. पायरी गाळून उत्तर लिहिले तर उत्तर बरोबर असले तरी गुण नाहीत, तसा त्यांचा खाक्या. पहिली पायरी : सनद हे विजेत्यांनी काढलेले फर्मान आहे. विजेत्याला न्यायालय नेमण्याचा अधिकार असेल, पण गुन्ह्याची नवी व्याख्या करून ती मागच्या कृत्यांना लावण्याचा अधिकार त्याला नाही. तसे झाले तर तो न्याय नव्हे. पूर्वी विजेते पराभूतांची सरसकट कत्तल करीत, त्यावर फक्त कायद्याचे पांघरूण पडले. दुसरी पायरी : १९२८ च्या कराराने युद्ध गुन्हा ठरले काय? नाही, कारण स्वसंरक्षणासाठी लढण्याचा हक्क राष्ट्रांनी राखून ठेवला, आणि आपण स्वसंरक्षणासाठीच लढत आहोत की नाही हे ज्याचे त्यानेच ठरवायचे होते. आपल्या खटल्याचा न्यायाधीश जेथे आपणच, तेथे गुन्हा सिद्ध कसा व्हायचा? तिसरी पायरी कटाची. १९२८ पासून १९४५ पर्यंत जपानी नेत्यांनी एकच अखंड कट केला, असे फिर्यादी पक्षाचे म्हणणे. पाल दाखवतात की या सतरा वर्षांत मंत्रिमंडळे आली आणि गेली, आरोपींपैकी कित्येक एकमेकांचे विरोधक होते, तेव्हा सर्वांना एका दोरीत ओवणारा पुरावा कोठे आहे?

या सगळ्याखाली आणखी एक विचार आहे. तो आपल्यासारख्या देशातल्या माणसालाच सुचावा. युद्ध हा गुन्हा ठरवला म्हणजे जगाची जी वाटणी आज आहे ती तशीच राहणार. मग ज्यांची राज्ये दुसऱ्यांनी शस्त्राच्या जोरावर घेतली त्यांनी शांततेच्या नावाखाली कायम दास्यातच राहायचे काय? आशियात साम्राज्ये कमावणाऱ्यांनी आशियातल्या दुसऱ्या एका राष्ट्राला साम्राज्य कमावल्याबद्दल फाशी द्यावी, यातली विसंगती त्यांना दिसत होती. आणि हिरोशिमा-नागासाकी? पॅसिफिकच्या युद्धात नाझी नेत्यांच्या हुकुमांच्या जवळपास जाणारी एखादी गोष्ट असेल तर ती अणुबाँब टाकण्याचा निर्णय होय, असे त्यांनी निकालपत्रात लिहिले. त्या निर्णयाबद्दल टोकियोत कोणावरही आरोप नव्हता. मला आमच्या ओढ्यावरची ती सगळ्यांत मोठी मोटर आठवली.

येथपर्यंत वाचले तेव्हा मी पाल यांच्या पूर्ण बाजूची झाले होते. अप्पांचे हजार रुपये मला परत मिळाल्यासारखे वाटत होते. मग सरांनी दिलेला पुढचा गठ्ठा वाचायला घेतला. तो नानकिंगचा होता.

डिसेंबर १९३७ मध्ये जपानी सैन्याने चीनचे नानकिंग शहर घेतले. पहिल्या सहा आठवड्यांत दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली, असे टोकियोच्या बहुमताच्या निकालपत्रात म्हटले आहे. स्त्रियांवर झालेले अत्याचार मी येथे लिहीत नाही. मला ती पाने सलग वाचता आली नाहीत. पाल यांनी हे नाकारले काय? मुळीच नाही. काही साक्षींत अतिशयोक्ती असेल, असे ते म्हणतात. पण जपानी सैनिकांनी नागरिकांवर आणि युद्धकैद्यांवर अत्याचार केल्याचा पुरावा प्रचंड आहे हे ते स्वच्छ मान्य करतात. त्यांचा प्रश्न पुढचा आहे. टोकियोत पिंजऱ्यात बसलेल्या या पंचवीस जणांनी तसे हुकूम दिले होते, किंवा जाणूनबुजून ते होऊ दिले, याचा पुरावा कोठे आहे? ज्यांनी हातांनी कृत्ये केली त्यांना निरनिराळ्या ठिकाणच्या लष्करी न्यायालयांनी आधीच शिक्षा दिल्या आहेत, याकडे ते लक्ष वेधतात. त्या खटल्यांत शेकडो जण फासावर गेले ही गोष्ट खरी आहे. परंतु नानकिंग घेणाऱ्या सैन्याचे प्रमुख जनरल मात्सुई टोकियोत पिंजऱ्यात होते. आपल्या फौजेने शहरात काय चालवले आहे हे त्यांच्या कानावर गेले होते. बहुमताने त्यांना फाशी दिली, आणि पाल यांनी त्यांनाही सोडले.

येथे माझी पावले अडखळली. सेनापतीने हुकूम दिला नाही हे मान्य केले, तरी थांबवले का नाही हा प्रश्न उरतोच. युद्धाचे नियम तर १९४५ साली केलेले नव्हते. कैद्याला मारू नये, नागरिकाला मारू नये हे कायदे जुने होते. म्हणजे ‘कायदा नंतर आला’ हा मुद्दा आक्रमक युद्धाला लागू पडतो, नानकिंगला तो लागू पडत नाही. तेथे मुद्दा फक्त पुराव्याचा आणि जबाबदारीचा आहे. अन् तेथेच पाल यांची कसोटी इतकी कडक होते की तिच्यातून वरच्या पायरीवर बसलेला कोणीही सापडू नये. मांचुरियातील घटनांबद्दल जपानच्या बाजूची स्पष्टीकरणे मात्र ते बऱ्याच सहजतेने स्वीकारतात, असे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे, आणि जे थोडे मी वाचले त्यावरून मलाही तसेच वाटले. पाश्चात्त्य साम्राज्यांविषयीचा त्यांचा राग रास्तच होता. पण जपानच्या सैन्याने ज्यांना मारले ते चिनी, फिलिपिनो आणि मलायातील तमिळ मजूर हेही आशियातीलच होते. आपल्या अंदमानातसुद्धा १९४२ ते १९४५ या काळात जपान्यांनी आपल्याच माणसांचे हाल हाल केले.

याच न्यायासनावर दुसरा एक प्राध्यापक होता, हॉलंडचे बर्ट रोलिंग. वय जेमतेम चाळीस; युट्रेख्टला ते फौजदारी कायदा शिकवीत. त्यांनीही वेगळे निकालपत्र दिले. आक्रमक युद्ध हा पूर्वी खऱ्या अर्थाने गुन्हा नव्हता, हे पाल यांचे म्हणणे त्यांना बऱ्याच अंशी पटले होते, आणि केवळ त्या आरोपाखाली कोणाला फाशी देऊ नये असे त्यांनी म्हटले. पाच आरोपींना सोडावे असे त्यांचे मत पडले. परंतु अत्याचारांची जबाबदारी ज्यांच्यावर सिद्ध होते असे त्यांना वाटले त्यांच्या बाबतीत ते कठोर राहिले. मला विचाराल तर रोलिंग यांची वाट मला अधिक चालण्याजोगी वाटते. अर्थात पाल यांनी आधी ती झुडपे तोडली नसती तर रोलिंग यांना ती दिसली असती की नाही, कोण जाणे.

खटल्यानंतर पाल पुन्हा पुस्तकांकडे वळले. १९५२ ते १९६६ अशी चौदा वर्षे ते संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधि आयोगाचे सदस्य होते आणि १९५८ व १९६२ साली अध्यक्षही होते. हा आयोग म्हणजे आंतरराष्ट्रीय कायद्याचे मसुदे तयार करणारी विद्वानांची समिती. म्हणजे ‘कायदा आधी लिहा’ असे टोकियोत सांगणाऱ्या माणसाला कायदा लिहिण्याच्या टेबलापाशी जागा मिळाली. पण काम किती संथ! १९५४ साली आयोगाने मानवजातीच्या शांततेविरुद्धच्या गुन्ह्यांची संहिता तयार केली, ती ‘आक्रमण म्हणजे काय’ याची व्याख्या होत नाही म्हणून बाजूला ठेवण्यात आली. ही व्याख्या संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७४ साली संमत केली. पाल यांचे १० जानेवारी १९६७ रोजीच निधन झाले होते.

१७ जुलै १९९८ रोजी रोममध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची संहिता संमत झाली आणि १ जुलै २००२ पासून ती अमलात आली. तिच्यात स्पष्ट लिहिले आहे की, कृत्य घडले त्या वेळी जो गुन्हा नव्हता त्याबद्दल कोणालाही जबाबदार धरता येणार नाही, आणि संहिता अमलात येण्यापूर्वीच्या कृत्यांना ती लागू होणार नाही. हे कलम मी वाचले तेव्हा अप्पांना मोठ्याने वाचून दाखवावेसे वाटले. त्याच संहितेत अधिकाऱ्याने हाताखालच्यांचे गुन्हे रोखले नाहीत तर तो जबाबदार, असेही कलम आहे. म्हणजे तेथे पाल यांचे न ऐकता बहुमताचे ऐकले गेले. आक्रमणाच्या गुन्ह्याची व्याख्या तिच्यात यायला २०१० साल उजाडले, आणि त्याबद्दल खटला चालवण्याचा अधिकार न्यायालयाला १७ जुलै २०१८ पासून मिळाला. आणखी एक गोष्ट टोकियोला नव्हती ती तेथे आहे. अपराध्याकडून पीडितांना भरपाई मिळावी अशी तरतूद असून त्यासाठी एक निधी काढलेला आहे.

रोमला भारताने अण्वस्त्रांचा वापर हा युद्धगुन्ह्यांच्या यादीत घालावा, अशी दुरुस्ती मांडली होती. ती स्वीकारली गेली नाही. मतदानात भारत तटस्थ राहिला आणि अद्यापही या न्यायालयाचा सदस्य नाही. अमेरिका, रशिया, चीनही नाहीत. जपान मात्र २००७ साली सदस्य झाला.

त्याच वर्षी जपानचे पंतप्रधान आबे भारतात आले होते. आपल्या संसदेतील भाषणात त्यांनी न्यायमूर्ती पाल यांचे नाव आदराने घेतले आणि कलकत्त्यास जाऊन त्यांच्या मुलाची भेट घेतली. टोकियोच्या यासुकुनी देवस्थानात २००५ साली पाल यांची शिळा बसवली गेली. युद्धात मेलेल्या सैनिकांची नावे पूजण्याचे हे स्थान. टोकियोत दोषी ठरलेल्या नेत्यांची नावेही १९७८ साली तेथे दाखल करण्यात आली. जपानने काहीच वाईट केले नाही असे ज्यांना म्हणायचे असते ते आज पाल यांचा दाखला देतात. हा त्यांच्या निकालपत्राचा गैरवापर आहे, असे सांगणारे ताकेशी नाकाजिमा यांच्यासारखे जपानी अभ्यासकही आहेत. ‘या आरोपांखाली, या पुराव्यावर, हे लोक दोषी ठरत नाहीत’ असे म्हणणे आणि ‘काही घडलेच नाही’ असे म्हणणे, यांतला फरक एखाद्या गणिताच्या मास्तराला कळतो, पण शिळेवर तो कोरता येत नाही. नानकिंगची पाने त्या शिळेवर नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा रात्री जेवणानंतर मी अप्पांना ही सारी हकिकत सांगितली. विजेत्यांची सनद, मागाहून केलेला कायदा, पंचवीस आरोपी आणि बाराशे पाने. आई भांडी आवरता आवरता ऐकत होती. मला वाटले होते अप्पा खूश होतील. त्यांच्या बाजूने एवढा मोठा न्यायमूर्ती उभा होता. ते शेवटपर्यंत शांतपणे ऐकत राहिले. मग विचारले, “आणि त्या मेलेल्यांच्या माणसांना काय मिळालं?” त्या खटल्यात काही नाही, असे मी सांगितले. रोमच्या कायद्यात आता भरपाई आहे, तेही सांगितले.

अप्पा थोड्या वेळाने म्हणाले, “आपल्या दंडाच्या पैशातून देवळाला रंग दिला. म्हातारीला त्यातलं काही दिलं नाही.”